पडशीची डावी बाजू

दिवाळी उलटली, कारखान्यांची धुराडी पेटली आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की माझी झोप पातळ होते. आमच्याकडं बहुतेकांना हा हंगाम आवडतो. हवेत मळीचा उग्र वास असतो, शाळेतली पोरं चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढतात, ज्यांचा ऊस वेळेत तुटतो ते खुशीत असतात. माझा गुंठाभरही ऊस नाही. मूळ गाव आटपाडीकडचं, तिथं प्यायच्या पाण्याचीच मारामार. तरी पहाटे पहिल्या ट्रॅक्टरवरची गाणी कानावर आली की मी अंथरुणातच सायकल चालवायला लागतो. आज धुकं किती असेल, पुलावर गर्दी असेल का, कुठं ट्रॉली उलटलेली असेल का. सांगलवाडीहून मिरजेच्या शाळेत मी सायकलनं जातो आणि सायकलनंच परत येतो. चित्रकला शिकवतो. इतकी वर्षं झाली, भीती जुनी झाली, पण कमी काही झाली नाही.

भीतीला कारणंही आहेत. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात, आणि मागची ट्रॉली पुढचीचं ऐकत नाही, ती आपल्या मर्जीनं डुलते. उसाची टोकं हातभर बाहेर आलेली असतात आणि ती बरोबर सायकलवाल्याच्या कानाच्या उंचीला येतात. खाली पडलेल्या उसाचा चाकांखाली चोथा होतो. दवानं भिजलेल्या त्या चोथ्यावरून पुढचं चाक एकदा जरी सरकलं, तरी त्या दिवशी माझ्या हातून वर्गात सरळ रेघ निघत नाही.

परवा स्टाफरूममध्ये चहा पिताना आमच्या शाळेत नव्यानं आलेले विज्ञानाचे सर माझ्याजवळ येऊन बसले. तरुण आहेत. पोट कमी करायचं म्हणून त्यांनी गिअरची सायकल घेतली आहे.

"सर, तुम्ही एवढी वर्षं सायकलवर आहात. सामान न्यायला काय बरं पडतं? पाठीवर सॅक, की कॅरिअरला बॅग, की पुढं बास्केट?"

साधा प्रश्न होता. दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. मी कप खाली ठेवला आणि "बघून सांगतो" म्हणालो. त्यात बघून काय सांगायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तेव्हापासून ते उत्तर माझ्या डोक्यात फिरतं आहे, आणि त्याच्याबरोबर तो एक हंगाम.

मोटारसायकलचं आधीच सांगून टाकतो, कारण ते सगळेच विचारतात. मला ती येत नाही. शिकायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा गाडी एकीकडं आणि मी दुसरीकडं. रेखा, माझी बायको, म्हणते, "तुमी पडायच्या आधीच पडलो म्हणून हात सोडता." खरं आहे. संकट यायच्या आधी मी त्याच्या स्वागताला वेशीवर जाऊन उभा असतो.

त्या हंगामात मात्र ते आमच्या आधीच येऊन बसलं होतं. रेखाला आठवा महिना लागला होता, आणि जुळं होतं. एका सकाळी अवेळीच दुखायला लागलं. मिरजेला दवाखान्यात नेलं, सिझर झालं, आणि एक मुलगी आणि एक मुलगा काचेच्या दोन पेट्यांत जाऊन पडले. मला काचेबाहेरून दोन टोपडी आणि पुष्कळ नळ्या दिसल्या. मुलगी रडली होती, मुलगा रडला नव्हता, एवढंच कळलं. रेखाचे टाके पिकले, ताप उतरेना. बाळांच्या आयांना राहायला तिथं जागा नव्हती, म्हणून काही दिवसांनी तिला विश्रांतीसाठी घरी धाडलं. बाळं मिरजेत, आई सांगलवाडीत, आणि मध्ये उसानं भरलेला रस्ता.

त्या रस्त्यावरून आईचं दूध नेऊन पोचवायचं, हे काम माझ्याकडं आलं.

तिथल्या सिस्टरांनी मला दारात उभं करून समजावलं. "दोघांच्या बाटल्या वेगळ्या आणायच्या सर. सरमिसळ नको. गार राहिलं पाहिजे आणि सांडलं नाही पाहिजे. ह्यांना दुसरं काही पचणार नाही, हेच औषध. तेवढं चुकवू नका." मग त्यांनी बाटल्यांवर चिकटपट्टी लावली आणि पेननं लिहिलं, रेखा, बाळ एक. रेखा, बाळ दोन. तेवढं चुकवू नका, हे वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं. दूध नीट पोचलं तर दोघं जगतील, नाही पोचलं तर नाही, असा सरळ हिशोब मी मनात मांडून टाकला. डॉक्टर वजन, श्वास, रक्त असं बरंच काही बोलायचे. मला त्यातलं दूधच तेवढं माझ्या हातातलं वाटायचं.

पहिल्या दिवशी वडापच्या, म्हणजे सीटा भरून नेणाऱ्या, रिक्षातून गेलो. पुलावर एक ट्रॉली अडकली होती आणि रिक्षा हलेना. मी मांडीवरची पिशवी सारखी चाचपत होतो. दवाखान्यात पोचलो तेव्हा सिस्टरांनी बाटली गालाला लावून पाहिली आणि नकाराची मान हलवली, दूध कोमट झालं होतं. रेखानं अंगात ताप असताना, दात आवळून, थेंबाथेंबानं काढलेलं दूध होतं ते. दुसऱ्या दिवसापासून मी सायकल काढली. कोंडीतून सायकल निघते. प्रश्न फक्त बाटल्या कुठं ठेवायच्या, एवढाच उरला.

एवढाच म्हणतोय खरं, पण त्या दिवसांत मला माणसं दिसायचीच नाहीत. त्यांनी सायकलवर सामान कसं बांधलंय तेवढं दिसायचं. गवळ्याच्या दोन्ही बाजूंच्या किटल्या, पेपरवाल्याचा दांडीवरचा गठ्ठा, दोन पाट्या कॅरिअरला आडव्या बांधून निघालेली भाजीवाली. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एकजण भला मोठा वाळका भोपळा पाठीला धोतरानं बांधून चालला होता. त्याच्या मागं मागं मी चार वळणं उगाच गेलो. भोपळा जरासुद्धा हलत नव्हता. मला त्याचा हेवा वाटला.

कॅरिअरच्या चापाखाली बाटल्या बांधून पाहिल्या, तर प्रत्येक खड्डा थेट त्यांच्यापर्यंत जायचा. हँडलला पिशवी अडकवली, तर ती वळताना गुडघ्यावर आपटायची, आणि एकदा तिचा बंद ब्रेकमध्येच अडकला. शेजाऱ्यांच्या मुलीचं पुढचं बास्केट मागून आणलं. त्यात बाटल्या अशा उड्या मारायच्या की माझं लक्ष रस्त्यावर राहीना. शेवटी पाठीवर सॅक घेतली. धक्के कमी झाले. पण विश्रामबागेपर्यंत पाठ घामानं भिजली, आणि मला वाटायला लागलं की माझीच ऊब त्या दुधाला लागते आहे, मीच ते नासवतो आहे. उतरलो, सॅक पोटाशी घेतली, आणि चालत निघालो. शाळेला उशीर झाला.

तेव्हा मामा आले. मामा म्हणजे रेखाचे वडील. जन्म मेंढरांमागं गेलेला, आता थोडं डाळिंब लावलं होतं. त्यांच्या खांद्यावर बाजरी आणि डिंकानं भरलेली पडशी होती, घोंगडीच्या कापडाची, मधे पट्टा आणि दोन्ही टोकांना एकेक मोठा कप्पा. संध्याकाळी अंगणात बसून ते माझी बांधाबांध बघत होते.

"पाव्हणं, ह्ये पाठीवर कशाला? ही टाका की कॅरेलवर."

"मामा, ही घोड्यावर टाकायची आहे."

"मंग? कोकरं न्हेतो आमी ह्यातनं. वाटंला मेंढी व्याली तर कोकराला कुठं चालवत बसायचं? घालायचं एकेक दोन्ही अंगाला. पर दोन्हीकडं सारखं पायजे बगा. एका अंगालाच वजन घातलं की घोडं वाकडं चालतंय."

मी पडशी कॅरिअरवर टाकून बघितली. चाकात जाऊ नये म्हणून खालून सुतळीनं बांधली. दोन स्टीलच्या बरण्या आणल्या, त्यांत बर्फ, बर्फात बाटली, भोवती ओलं फडकं. उजवीकडं मुलीची, डावीकडं मुलाची. कप्पे लोंबते असल्यामुळं धक्का यायचा तो अंगातच जिरायचा. सिस्टरांना मात्र तो मेंढराचा वास अजिबात सहन झाला नाही. "हे काय आणलंत? बाहेर ठेवा, आत आणू नका." मी पडशी सायकलवरच ठेवून बरण्या तेवढ्या आत न्यायला लागलो.

माझी काळजी एका जागी कमी झाली की दुसरीकडं फुटते. मामाच एकदा बोलता बोलता म्हणाले, "येवढ्या लांब हिंदकाळत जातंय, लोणी न्हाई ना यायचं त्येला?" झालं. मी शिकलेला माणूस, पण ते ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर डेरा आणि रवीच उभी राहिली. आमच्या दोघांच्याही घराण्यात दूध म्हणजे विरजायचं, घुसळायचं, एवढंच ठाऊक. त्या दिवसापासून प्रत्येक गतिरोधकाला मी खाली उतरून सायकल हातानं पलीकडं न्यायला लागलो. आणि एका सकाळी खरोखरच बाटलीच्या गळ्याशी पिवळट थर दिसला. दवाखान्याच्या दारातच बाटल्या पुढं करून म्हणालो, "सिस्टर, लोणी आलं. रस्ता फार खराब आहे."

त्यांनी आधी बाटलीकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "अहो सर, साय आहे ती. ठेवलं की वर येते." दोन्ही तळहातांत बाटली धरून त्यांनी हळूहळू फिरवली, तसा थर विरघळून गेला. "गतिरोधकाला उतरत जाऊ नका, उशीर होतो."

घरी येऊन सांगितलं तेव्हा मामा गंभीर झाले, मग म्हणाले, "साय धरती म्हंजी माझ्या पोरीचं दूध घट हाय." टाके धरून रेखा हसली. बाळं झाल्यापासून पहिल्यांदाच हसली. त्या हसण्यावर मी दोनेक दिवस काढले.

पुलावरची एक सकाळ अजून अंगावर येते. धुकं इतकं होतं की कृष्णा दिसतच नव्हती. मागून ट्रॅक्टर आला, मागची ट्रॉली माझ्याकडं कलली, आणि मी कठड्याला चिकटून उभा राहिलो. उसाची टोकं डावा कप्पा घासत गेली. मी दोन्ही हातांनी तो कप्पाच धरला, सायकल मांडीवर टेकली. ट्रॅक्टरवाला पुढं जाऊन थांबला.

"ओ मास्तर, मरायचंय का?"

"दूध आहे यात," मी म्हणालो.

"मग डेअरीला निवांत जावा की. येवढी काय घाई हाय?"

तो गेला. मी बरण्यांची झाकणं उघडून पाहिली. दोन्ही बाटल्या जाग्यावर होत्या. मला वाटलं, आता काही होत नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. मी बरण्या घेऊन दारात गेलो तर सिस्टरांनी हात पुढं केले नाहीत. "सर, बसा जरा. डॉक्टर बोलणार आहेत." मला कळलं. कळूनही मी म्हणालो, "आधी हे आत ठेवा सिस्टर, गार आहे तोवर." त्यांनी दोन्ही बाटल्या घेतल्या. मुलगा पहाटे गेला होता. दुधाचा त्यात काही संबंध नव्हता, फुप्फुसं तयारच झाली नव्हती, असं डॉक्टरांनी शांतपणे, दोनदा सांगितलं. मी मान हलवत होतो आणि मनात रस्ता आठवत होतो. कुठल्या खड्ड्यात, कुठल्या वळणावर, कुठल्या दिवशी उशीर झाला. अजूनही कधीकधी आठवतो.

त्याला न्यायला मामा आणि मी रिक्षानं गेलो. मामांनी त्याला आपल्या पटक्यात गुंडाळून छातीशी घेतलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर कोकरं उचलली, त्याच्या हातांना वजनाचा अंदाज असतो. स्मशानाच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "लय हलकं हाय वो पाव्हणं." मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

मुलगी अजून पेटीतच होती. सिस्टरांनी निघताना सांगितलं होतं, "उद्यापासून एकच बाटली आणा. पण आणा सर, हिला लागणार आहे." दु:ख करत बसायलाही आम्हाला मोकळीक नव्हती. दुसऱ्या सकाळी पुन्हा ट्रॅक्टरची गाणी ऐकू आली. पुन्हा बर्फ काढला, फडकं भिजवलं. रेखानं आतून एकच बाटली आणून दिली. उजव्या कप्प्यात ती ठेवली, आणि पडशी त्या बाजूला सरकली. मी ती मधोमध ओढली. ती पुन्हा सरकली. तिसऱ्यांदा ओढली आणि तसाच उभा राहिलो. डाव्या कप्प्यात काय ठेवायचं ते मला सुचेना. वीट चालली असती. रंगाचा डबा चालला असता. माझ्या हातून त्यात काहीच टाकवेना.

रेखा भिंतीला धरत धरत बाहेर आली. तिच्या हातात दुसरी बाटली होती, रेखा, बाळ दोन अशी चिकटपट्टी लावलेली. तिनं ती माठातल्या पाण्यानं भरली, बूच घट्ट लावलं, आणि माझ्याकडं न बघता डाव्या कप्प्यात ठेवली.

"एका अंगाला मोकळं जाऊ नका," ती म्हणाली. "तोल जाईल तुमचा."

त्या दिवशी मी पुलावर रडलो. धुकं होतं, कुणाला दिसलं नाही. पण सायकल सरळ चालली.

मुलगी वाचली. हळूहळू नळ्या निघाल्या. एक दिवस सिस्टरांनी मला शर्टाची बटणं काढायला सांगितली आणि तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं टाकलं. एवढे दिवस मी गारव्याच्या मागं होतो, आणि आता तिला माझी ऊबच हवी होती. मी श्वास घ्यायलाही घाबरत होतो. घरी आणलं त्या दिवशी रेखा तिला घेऊन रिक्षात बसली. माझी सायकल दवाखान्यात होती, म्हणून मी रिक्षामागून सायकलनं निघालो. "हळू, हळू," असं मी रिक्षावाल्याला इतक्यांदा ओरडलो की विश्रामबागेत त्यानं रिक्षा थांबवून मलाच पुढं जायला सांगितलं.

तिचं नाव सई. आता आठवीत आहे, खो-खो खेळते, आणि या वर्षापासून सांगलीतल्या शाळेत सायकलनं जाते. पाठीवर ओझं घेतलं की तोल जातो, दप्तर कॅरिअरवर बांध, असं मी तिला रोज सांगतो. "बाबा, कुणीच बांधत नाही," असं ती रोज म्हणते. सकाळी मी मुद्दाम तिच्या थोडा मागं राहतो. समोरून ट्रॉली आली की ती डावीकडं होऊन शांतपणे थांबते, आणि इथं माझ्या हातांना घाम फुटतो. तिच्या भावाबद्दल तिला माहीत आहे. आम्ही लपवलं नाही. बाटलीचं तेवढं माहीत नाही.

मामांची पडशी केव्हाच फाटली. रेखानं तशीच एक ताडपत्रीची शिवून दिली आहे. उजवीकडं रंग, डबा, पोरांचे कागद. डावीकडं जे काही जास्तीचं असेल ते, आणि पाण्याची एक बाटली. ती रोज सकाळी रेखाच भरून ठेवते. मी त्यातलं पाणी पीत नाही, संध्याकाळी जाईच्या वेलाला ओततो. याबद्दल आम्ही दोघं कधी बोललेलो नाही.

काल शाळेतून परतताना सई मला पुलाच्या अलीकडं भेटली. खेळून आली होती, चेहरा लाल, केस विस्कटलेले. तिची बाटली रिकामी होती. मी काही म्हणायच्या आत तिनं माझ्या सायकलच्या डाव्या कप्प्यात हात घातला, बाटली काढली, बूच दातानं फिरवलं आणि मान वर करून घटाघट पाणी प्यायली. सगळं. शेवटचा थेंबसुद्धा. एवढ्या वर्षांत त्या बाटलीला आमच्या दोघांशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. माझ्या तोंडून "अगं" एवढंच निघालं.

"काय झालं?"

"काही नाही. तहान लागली होती?"

"लय," ती म्हणाली. आजोबांचा शब्द आहे तो. रिकामी बाटली तिनं होती तिथं टाकली आणि पॅडल मारून पुढं निघाली.

मी सायकलवर बसलो नाही. हातात धरून चालायला लागलो. उसाचा एक ट्रॅक्टर शेजारून गेला, मी कठड्याकडं झालो. पुलावर मध्येच तिनं मागं वळून पाहिलं.

"बाबा, पंक्चर आहे का?"

"नाही. तू हो पुढं. पलीकडं चहाच्या गाड्यावर पाणी भरतो, मग बसतो."

ती पुढं गेली नाही. पाय टेकून, पुलावर माझी वाट बघत उभी राहिली. मी पोचलो तशी तीही उतरली आणि माझ्या डाव्या बाजूनं सायकल ढकलत चालू लागली.